दप्तरातील शिपाई : पहिल्या महायुद्धातील सामान्य मराठी सैनिकांच्या नोंदींचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे सैनिक किंवा लष्करी कामगार म्हणून समुद्रापार गेली आणि त्यांपैकी सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. सातारा, पुणे, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील हजारो शेतकरी तरुण त्यांत होते. मराठा पलटणींचा युद्धातील वाटा प्रामुख्याने मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर होता. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तीन मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यू शापेल गावावरील हल्ल्यात भाग घेतला होता. हा इतिहास पलटणींच्या वृत्तान्तांत विस्ताराने आलेला आहे. तथापि या पलटणींतील सामान्य शिपाई कोण होते, हा प्रश्न विचारताच अभ्यासकापुढील साधने एकाएकी अपुरी पडू लागतात.

प्रस्तुत लेखात या अपुरेपणाची चिकित्सा करावयाची आहे. लष्करी दप्तरात सामान्य शिपायाची नोंद केव्हा होते, कोणत्या हेतूने होते आणि त्या नोंदीचे वाचन अभ्यासकाने कसे करावे, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. राज्यसंस्थेला शिपायाकडून काही हवे असते किंवा शिपाई राज्यसंस्थेकडे काही मागतो, तेव्हाच त्याचे नाव दप्तरात उमटते, असे प्रतिपादन येथे केले आहे. हे मान्य केल्यास शोधाची दिशा बदलते. शौर्यवृत्तान्ताकडून ती वेतन, वारसा, शिक्षा आणि अर्ज यांच्या कागदांकडे वळते.

१. अभावाचे दोन प्रकार

लष्करी दप्तराविषयी लिहिताना 'कागदपत्रे उपलब्ध नाहीत' हे वाक्य आपल्याकडे फार सहज लिहिले जाते. या वाक्यात दोन वेगळ्या घटना एकत्र होतात आणि त्यांत भेद करणे आवश्यक आहे.

पहिली घटना नाशाची आहे. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधील युद्धखात्याच्या कागदपत्रांच्या कोठाराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या वैयक्तिक सेवानोंदींपैकी सुमारे साठ टक्के नोंदी जळून गेल्या. उरलेले करपलेले कागद पुढे 'जळालेले दस्तऐवज' याच नावाने ओळखले जाऊ लागले. ही हानी मोठी असली तरी ती अपघाताने झाली होती. शिवाय ज्याचा कागद जळाला त्या ब्रिटिश शिपायाचे नाव बहुधा त्याच्या गावच्या स्मारकावर आणि युद्धभूमीवरील थडग्यावर राहिलेच होते.

हिंदुस्थानी शिपायाच्या बाबतीत घडले ते वेगळे होते. त्याचे नाव पलटणीच्या दप्तरात होते. भरतीच्या वेळी त्याचा 'शीट रोल' तयार होई. त्यात वडिलांचे नाव, गाव, तालुका, जात आणि वारस यांची नोंद असे. पगार, घरी पाठवावयाची रक्कम आणि मृत्यूनंतर वारसास देय असलेली बाकी या व्यवहारांसाठी ही माहिती अपरिहार्य होती. मात्र पलटणीच्या हिशेबाबाहेर, सार्वजनिक स्मृतीच्या कक्षेत, हे नाव नेण्याची गरज शासनाला भासली नाही. म्हणून येथील अभावाला नाश म्हणता येत नाही. त्यामागे एक प्रशासकीय निवड होती. निवडीमागील निकष शोधता येतात, आणि अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते.

२. युद्धदैनंदिनी : संख्येतील शिपाई

रणभूमीवरील प्रत्येक तुकडीने रोजची युद्धदैनंदिनी लिहावी असा नियम होता. या दैनंदिनी आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभ्यासकाला हे साधन प्रथमदर्शनी अत्यंत आश्वासक वाटते, कारण त्यात तारीख, वेळ, ठिकाण, हवामान आणि हालचाली यांची बारकाईने नोंद असते. परंतु माणसांच्या उल्लेखाची पद्धत लक्षपूर्वक पाहिल्यास दैनंदिनीची उतरंड स्पष्ट होते. ब्रिटिश अधिकारी पडला तर त्याचे नाव येते. हिंदुस्थानी अधिकाऱ्याचे नाव काही वेळा येते. त्याखालील सर्वजण 'इतर दर्जाचे' या सदरात एका आकड्यात सामावतात. शिपायाचे नाव आलेच तर ते पदकाच्या शिफारशीत, लष्करी न्यायालयाच्या संदर्भात किंवा फरारी म्हणून येते.

म्हणजे नाव मिळवून देणाऱ्या घटना अपवादात्मक आहेत. जो शिपाई पळून गेला नाही, पदकाला पात्र ठरला नाही आणि ज्याने कोणताही अपराध केला नाही, तो दैनंदिनीत निनावी राहतो. सामान्य शिपायाचा इतिहास नावनिशीवार मिळालेल्या या तुरळक उल्लेखांवरून लिहिला, तर तो वीरांचा आणि गुन्हेगारांचा इतिहास होतो. बहुसंख्य शिपाई या दोन्ही वर्गांत मोडत नव्हते.

कुतच्या वेढ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. अन्न संपत आल्यावर घोड्यांचे मांस शिधा म्हणून देण्यात आले. पुष्कळ हिंदुस्थानी सैनिकांनी ते दीर्घकाळ नाकारले आणि त्यांच्यात स्कर्व्हीचा रोग पसरला. ब्रिटिश वृत्तान्तांत हा नकार विस्ताराने येतो आणि त्याचे स्पष्टीकरण 'धार्मिक पूर्वग्रह' या शब्दांत उरकले जाते. पण याच वृत्तान्तांतून दुसरेही काही वाचता येते. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याची भीती त्या सैनिकांच्या मनात होती, असे त्यांत सूचित झाले आहे. म्हणजे तो शिपाई केवळ धर्माज्ञेचा विचार करीत नव्हता. टायग्रिसच्या काठी उपाशी असताना तो आपल्या घराचा, सोयरिकीचा आणि गावातील उद्याच्या जगण्याचा हिशेब मांडत होता. त्याचा नकार दप्तरात आला, कारण त्यामुळे सेनापतीची अडचण झाली. त्या नकारामागील विचार मात्र अभ्यासकालाच अधिकाऱ्याच्या तक्रारीच्या उलट्या बाजूने वाचावा लागतो.

शरणागतीनंतरच्या नोंदींतही हाच भेद दिसतो. कुत येथे शिबिरातील नोकरचाकरांसह सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. कैदेतील सामान्य ब्रिटिश सैनिकांपैकी सुमारे सत्तर टक्के मरण पावले, हा आकडा इतिहासग्रंथांत बराचसा स्थिर आहे. हिंदुस्थानी कैद्यांच्या मृत्यूंचा आकडा मात्र लेखकागणिक बदलतो. ज्यांची मोजदाद नीट झाली नाही, त्यांची नावे मिळणे अधिकच दुरापास्त असते.

३. सेन्सॉर केलेली पत्रे : पाच हातांतून आलेला आवाज

शिपायाचा आवाज ऐकू येईल असे साधन म्हणून पत्रांकडे पाहिले जाते. फ्रान्समधील हिंदुस्थानी सैन्याच्या टपालाची तपासणी करण्यासाठी १९१४ मध्ये सेन्सॉर कार्यालय सुरू झाले. तेथील अहवालांत शिपायांच्या पत्रांतील निवडक उतारे इंग्रजी भाषांतरात जोडले जात. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील सहाशेहून अधिक पत्रांचे संपादन प्रसिद्ध केले आणि शिपायाच्या अनुभवाचे दालन अभ्यासकांना खुले झाले. या संपादनाचे ऋण निर्विवाद आहे.

तरीही समीक्षेच्या दृष्टीने काही गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. यांतील अनेक पत्रे शिपायाने तोंडी सांगितली आणि साक्षर सहकाऱ्याने लिहिली. मग सेन्सॉर कार्यालयातील भाषांतरकाराने तिचे इंग्रजी केले, अधिकाऱ्याने त्यातील काही ओळी निवडल्या आणि शेवटी आधुनिक संपादकाने त्या उताऱ्यांतून पुन्हा निवड केली. शिपाई धरून असे पाच हात त्या मजकुरावरून फिरले आहेत. मूळ पत्रे बहुतांशी हाती नाहीत. त्यामुळे 'शिपाई म्हणतो' असे लिहिताना संयम आवश्यक आहे.

शिपायांना या तपासणीची जाणीव होती, हेही विसरता कामा नये. पत्रांत काळी मिरी आणि तांबडी मिरी असे सांकेतिक शब्द वापरून हिंदी व गोऱ्या सैनिकांविषयी लिहिले जात असे. काळी मिरी संपत आली आहे, या घरगुती वाटणाऱ्या वाक्यात माणसे संपत आल्याची खबर दडलेली असे. ज्या समाजाला निरक्षर म्हटले गेले, त्याचे भाषाभान किती सूक्ष्म होते, याचा हा पुरावा आहे.

मराठी अभ्यासकासाठी आणखी एक मर्यादा आहे. या संग्रहात पंजाबी मुसलमान, शीख, पठाण आणि गढवाली शिपायांची पत्रे विपुल आहेत, तर मराठी शिपायांचा वाटा अल्प आहे. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या आणि हा संग्रह प्रामुख्याने फ्रान्समधील सैन्याचा आहे. म्हणून त्या पत्रांतील मनोवस्था जशीच्या तशी सातारच्या शिपायावर आरोपित करणे शास्त्रीय ठरणार नाही.

कुतचा वेढा आणि त्यानंतरची कैद यांविषयी हिंदी भाषांत जे प्रत्यक्षदर्शी लेखन आहे, त्यात शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' हे बंगाली पुस्तक महत्त्वाचे आहे. शंतनू दास यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर दखल घेतली आहे. सर्वाधिकारी हे बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील सुशिक्षित तरुण होते. त्यांच्याजवळ लेखनाचे साधन आणि सवय होती. त्याच वेढ्यातील मराठी शिपायाजवळ ती नव्हती. म्हणून त्याचा शोध आत्मचरित्रांपेक्षा इतरत्र घ्यावा लागतो.

४. दगडावरील नावे : कोरेगाव, न्यू शापेल, बसरा

लष्करी स्मारक हाही एक दस्तऐवज आहे आणि त्याचेही पाठवाचन करता येते. या दृष्टीने तीन स्मारकांची तुलना उपयुक्त ठरेल.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ कोरेगाव भीमा येथे कंपनी सरकारने स्तंभ उभारला. त्यावर पडलेल्या एतद्देशीय शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे आणि त्यावरून ते शिपाई महार समाजातील होते हे ओळखता येते. कंपनीचा हेतू पलटणीची निष्ठा गौरविण्याचा होता, त्या समाजाची प्रतिष्ठा वाढविण्याचा नव्हता. परंतु नाव दगडावर राहिल्याने त्याला पुढे शासनाच्या हेतूपलीकडचे आयुष्य मिळाले. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी जी निवेदने केली, त्यांचा आधार पूर्वजांची लष्करी सेवा हाच होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभाजवळ आले, तेव्हा त्या नावांना नवा सामाजिक अर्थ प्राप्त झाला. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११वी महार पलटण १९२१ मध्ये बरखास्त झाली, तरी सेवेच्या नोंदीवर आधारलेला हक्काचा युक्तिवाद संपला नाही.

न्यू शापेल येथील स्मारकाचे अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि कामगारांची नावे त्यावर आहेत. दीड वर्षाने, २७ मार्च १९२९ रोजी, बसरा स्मारकाचे अनावरण झाले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि थडगे नसलेल्या ४०,००० हून अधिक व्यक्तींसाठी ते आहे. तेथे ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ मृतांची संख्या देण्यात आली.

एकाच साम्राज्याने, एकाच दशकात, एकाच सैन्यातील मृतांना दिलेली ही दोन प्रकारची वागणूक विचार करावयास लावते. नावे ठाऊक नव्हती हा खुलासा येथे टिकत नाही, कारण वारसांची देणी भागविण्यासाठी पलटणीकडे नामावळी असणे क्रमप्राप्त होते. युरोपच्या भूमीवर नाव आवश्यक मानले गेले आणि इराकच्या भूमीवर संख्या पुरेशी मानली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विशेष समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात ही विषमता मान्य केली. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. हे मृत प्रामुख्याने आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या आघाड्यांवरील होते. आयोगाने त्याबद्दल क्षमायाचना केली.

कोरेगावच्या नावांना वारस मिळाले. बसऱ्याच्या दगडावरील आकड्याला वारस मिळू शकत नाही. एखाद्या पलटणीचे अमुक इतके शिपाई, या नोंदीवर कोणताही नातू बोट ठेवून 'हा माझा' असे म्हणू शकत नाही. नावनोंदणीचा प्रश्न यामुळेच स्मरणापुरता मर्यादित राहत नाही. त्यात दाव्याचा, म्हणजे हक्काचा, प्रश्न गुंतलेला आहे.

५. गावाच्या दप्तरातून शोध

लष्करी दप्तरात शिपाई संख्येत विरघळत असेल, तर त्याचा शोध उलट दिशेने, गावाकडून, घ्यावा लागेल. पंजाबच्या बाबतीत हे शक्य असल्याचे सिद्ध झाले आहे. युद्धानंतर १९१९ मध्ये पंजाब सरकारने गाववार तयार करविलेली सैनिकांची नोंदपुस्तके लाहोर संग्रहालयात दीर्घकाळ पडून होती. सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती असलेली ही नोंदपुस्तके अभ्यासली गेली आणि २०२१ मध्ये त्यांतील काही जिल्ह्यांची माहिती संगणकीय स्वरूपात खुली झाली. गाव हा नोंदीचा घटक ठरल्याने कुटुंबांना आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचणे सुलभ झाले.

मुंबई इलाख्यातील अभ्यासकाला जोडकाम करावे लागेल. त्यासाठी काही साधनांचा येथे निर्देश करणे उचित होईल. पहिले साधन पदकाचे आहे. युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. गावोगावच्या जुन्या घरांतील ट्रंकांत असलेली ही पदके वस्तुतः दस्तऐवज आहेत आणि त्यांच्या कडा वाचल्या गेल्या पाहिजेत. दुसरे साधन महसुली आहे. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीस आरंभ झाला आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाची नोंद फेरफार नोंदवहीत होऊ लागली. गावाबाहेर मेलेल्या माणसाचा मृत्यू गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत येण्याचे कारण नसते. पण त्याच्या नावावर जमीन असेल तर फेरफारात तो येण्याची शक्यता असते. १९१६ ते १९२० या वर्षांतील फेरफार या दृष्टीने वाचता येतील. गावोगावी बसविलेल्या, किती जण युद्धास गेले आणि किती कामी आले एवढेच सांगणाऱ्या शिळांतील आकड्यांशी ते ताडून पाहता येतील.

अर्थात या पद्धतीलाही जातीची आणि मालकीची मर्यादा आहे. ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो फेरफारात सापडणार नाही. एकत्र कुटुंबात खाते थोरल्या भावाच्या नावावर असेल, तर धाकट्याच्या मृत्यूने नोंद बदलत नाही. विधवेचा उल्लेख तर बहुधा वाद उत्पन्न झाल्यावरच येतो. भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, मेहतर, स्वयंपाकी अशा 'फॉलोअर' वर्गातील माणसांचा माग यांहूनही क्षीण आहे. राधिका सिंघा यांनी २०२० मधील ग्रंथात या कामगारवर्गाचा आणि तुरुंगांतून मेसोपोटेमियात नेलेल्या कैदी-मजुरांचा विस्तृत अभ्यास केला आहे. सामान्य सैनिक ही संज्ञा किती व्यापक करावी लागते, हे त्यावरून ध्यानात येते.

नावांच्या लिप्यंतराची अडचण स्वतंत्र विचारास पात्र आहे. शिंदे हे एकच आडनाव इंग्रजीत अनेक प्रकारे लिहिले जाई. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांतील भेद रोमन लिपीत नाहीसा होई. गावाच्या नावातील बुद्रुक आणि खुर्द गळून पडल्यास एकाची दोन गावे किंवा दोहोंचे एक गाव होते. शिवाय शिपायाचा क्रमांक पलटणीपुरता असे आणि १९२२ च्या पुनर्रचनेत पलटणींची नावेही बदलली. ११०वी मराठा पलटण ही पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणून केवळ नामसाम्यावर ओळख पटविणे धोक्याचे असून नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पलटण या चारांपैकी किमान तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

६. गौरवलेखनाचा मोह

गावाच्या इतिहासावरील आपल्याकडील लेखनात एक प्रवृत्ती आढळते. नोंद सापडत नाही तेथे शौर्याची कथा येते. शिपाई कोणत्या परिस्थितीत भरती झाला, पगार आणि पावसाची ओढ यांचा त्यात काय वाटा होता, तो परत आल्यावर त्याच्या जमिनीचे आणि घराचे काय झाले, हे प्रश्न मग मागे पडतात. सर्व शिपायांना एकाच शूर साच्यात घालणे, हे त्यांना एकाच आकड्यात घालण्याहून फारसे वेगळे नाही. दोन्हींत माणूस हरवतो. उलटपक्षी, परकीय सत्तेसाठी लढलेला भाडोत्री म्हणून त्याला इतिहासाबाहेर ठेवणे हेही तितकेच अन्याय्य आहे. तो आपल्या घरासाठी लढत होता, ही साधी शक्यता दोन्ही भूमिका विसरतात.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. हिंदी शिपायाच्या नोंदींचा अभाव हा सर्वस्वी कागद नष्ट झाल्याचा परिणाम नाही. कोणाचे नाव जपावे आणि कोणाची संख्या पुरे, या निवडीचा त्यात मोठा वाटा आहे. युद्धदैनंदिनी, सेन्सॉरचे अहवाल आणि स्मारके ही तिन्ही साधने शासनाच्या गरजेने घडली असल्याने त्यांचे वाचन त्या गरजेसह करणे अगत्याचे आहे. आणि सामान्य शिपायाचा माग लागण्याची अधिक शक्यता वेतन, वारसा आणि अर्ज यांच्या कागदांत आहे, कारण तेथे त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतः काही मागितलेले असते.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांना या कार्यात विशेष संधी आहे. आपल्या वर्गांत बसणारे अनेक विद्यार्थी त्याच गावांतून येतात, जेथून हे शिपाई गेले. एका तालुक्यापुरते पदकांचे, शिळांचे आणि फेरफारांचे सर्वेक्षण इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी एकत्रितपणे हाती घेतले, तरी त्याचे मोल मोठे ठरेल. असे सर्वेक्षण लवकर व्हावयास हवे. पदके मोडीत जात आहेत, घरे पाडली जात आहेत आणि आजोबांचे नाव सांगू शकणारी पिढी वयोवृद्ध झाली आहे.